काजू कारखान्याची चिमणी आणि म्हापशाचे सल्लागार: वर्षभराचा अनुभव

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमचा काजूगराचा छोटा कारखाना आहे. सासऱ्यांनी सुरू केला, ते गेल्यापासून मी बघते. हंगामात चौदा बायका कामाला असतात. 2025 च्या जूनमध्ये मी म्हापशाच्या एका पर्यावरण सल्लागार कार्यालयाची वर्षाची सेवा घेतली. सहा हजार रुपयांत तीन गोष्टी मिळणार होत्या: व्हॉट्सअ‍ॅपवर प्रदूषणाच्या नियमांतले बदल आणि अनुदानाच्या योजनांची माहिती, वर्षातून दोनदा प्रत्यक्ष भेट, आणि कन्सेंटच्या, म्हणजे कारखाना चालवायला प्रदूषण मंडळ देतं त्या परवानगीच्या, नूतनीकरणाचे कागद. कार्यालयाचं नाव इथे घालत नाही, कारण त्यांच्या एका चुकीबद्दल लिहायचं आहे आणि ती चूक त्यांनी निस्तरलेली आहे.

मी त्यांच्याकडे गेले ती शेजारच्या काकींमुळे. बी वाफवायला आमचा छोटा बॉयलर आहे आणि त्यात काजूचीच टरफलं जाळायची पद्धत सासऱ्यांपासूनची. टरफलात तेल असतं, चामडी सोलून काढणारं. ते जळलं की धूर काळा, जड येतो, घशाला लागतो आणि वारा पडला की खालीच बसतो. एका सकाळी काकींनी कुंपणावरून धुतलेली चादर पुढे केली. "वैनी, हें पळय गो," एवढंच म्हणाल्या. चादरीवर मोहरीएवढे तपकिरी ठिपके होते. मी नखाने खरवडून बघितलं तर ते पसरले, चिकट होते. काकींच्या घरात दम्याचा नातू आहे. त्या भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

पहिल्या भेटीला त्यांची एक तरुण इंजिनिअर मुलगी आली. टेबलावर बसून फाईल मागेल असं वाटलं होतं. ती आधी चिमणीपाशी गेली आणि वर बघत उभी राहिली. मग विचारलं, "ताई, धुराचा नमुना कुठून घेतात?" आमच्या चिमणीला नमुना घ्यायचं भोकच नव्हतं. प्रयोगशाळेचा माणूस आला तरी नळी घालणार कुठे आणि उभा राहणार कशावर? मग तिने टेपने काकींच्या घराची उंची मोजली. तासाला दोन टनांपेक्षा कमी वाफ देणाऱ्या बॉयलरला चिमणी शेजारच्या इमारतीच्या अडीच पट किंवा नऊ मीटर, यांतलं जे जास्त असेल तेवढी हवी, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं मोजमाप आहे. काकींचं घर साडेचार मीटर, त्याच्या अडीच पट म्हणजे सव्वा अकरा मीटर. आमची चिमणी पत्र्याच्या वर जेमतेम डोकं काढून होती. इतकी वर्षं मी रोज त्या चिमणीखालून जाते, पण मोजायचं कधी सुचलं नव्हतं. सहा हजार मला तिथेच वसूल झाले.

आता ती चूक. जुलैत ग्रुपवर मेसेज आला, मथळा होता 'वायुप्रदूषण नियंत्रण: संमती अनुदान 2025'. खाली चार ओळी मराठीत, बाकी इंग्रजी मजकुराची चिकटवलेली पानं. मी चार ओळी वाचल्या आणि धरून चालले की चिमणी आणि सायक्लोन बसवायला सरकार पैसे देणार. सायक्लोन म्हणजे धुरातली राख गोल फिरवून खाली पाडणारा पत्र्याचा शंकू. त्याचं कोटेशन आणलं, वाळपईला बँकेत गेले. मॅनेजरांनी बिचाऱ्यांनी अर्धा तास शोधलं, अशी योजनाच नव्हती. मूळ कागद होता जानेवारी 2025 मध्ये केंद्राने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांचा. त्याच्या नावात 'ग्रँट, रिफ्यूजल ऑर कॅन्सलेशन ऑफ कन्सेंट' असे शब्द आहेत, म्हणजे कन्सेंट देणं, नाकारणं किंवा रद्द करणं. त्यातल्या 'ग्रँट'चं कुणीतरी 'अनुदान' करून टाकलं होतं. बँकेची फेरी फुकट गेली त्याचं काही नाही. पण आदल्या संध्याकाळी मी काकींना सांगून बसले होते की पैसे येतायत, दिवाळीपर्यंत चिमणी बदलते. तो शब्द परत घ्यायला कुंपणापाशी जाताना पाय जड झाले होते.

त्यांना फोन केला तेव्हा आवाज चढलाच माझा. त्यांनी सबब सांगितली नाही. त्याच दिवशी ग्रुपवर दुरुस्ती टाकली, ज्यांनी ज्यांनी विचारणा केली होती त्यांना एकेकाला फोन केले आणि तेव्हापासून प्रत्येक मेसेज मराठी लिहिता येणारं माणूस लिहितं. फरक दिसतो. आता वर पहिल्या ओळीत असतं: पैसे मिळणार आहेत, कर्ज स्वस्त होणार आहे की फक्त नियम बदललाय. माझ्यासारखीला हेच हवं असतं.

पैशाबद्दल त्यांनी जे सरळ सांगितलं ते इथे मुद्दाम लिहिते, कारण आपल्याकडे याबद्दल फार गैरसमज आहेत. हवेसाठी केंद्राचा जो मोठा कार्यक्रम 2019 मध्ये सुरू झाला, राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम, त्याचा निधी ठरलेल्या 130 शहरांना जातो. त्या यादीत गोव्यातलं एकही शहर नाही. पंधराव्या वित्त आयोगाने हवेसाठी ठेवलेला पैसा दहा लाखांवरच्या शहरांसाठी होता. 2011 च्या जनगणनेत आख्ख्या गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास, तिथे दहा लाखांचं शहर कुठून आणायचं? शिवाय हे पैसे महापालिकांना जातात, कारखानदाराच्या खात्यात नाही. मला हे कळायला चाळिशी उलटावी लागली. कुणी 'हवेचं अनुदान मिळवून देतो' म्हणत दारात आलं तर एवढं लक्षात असू द्या.

आपल्यासारख्यांच्या वाट्याला येतं ते लघुउद्योगाच्या दारातून. जुलै 2025 मध्ये केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने आणलेली योजना ऊर्जा वाचवणाऱ्या यंत्रांच्या कर्जावर सूक्ष्म आणि लघु उद्योगांना व्याजात पाच टक्के सवलत देते, खाद्यप्रक्रिया त्यात आहे. सिडबी, म्हणजे लघुउद्योगांसाठीची सरकारी बँक, तिच्यामार्फत हरित कर्जावर दोन कोटींपर्यंत दोन टक्क्यांची सवलत आहे. पहिल्या योजनेबद्दल त्यांनी मला थांबायला सांगितलं: ऊर्जेचं ऑडिट आधी करावं लागतं, क्लस्टर, म्हणजे एका भागातल्या उद्योगांचे गट, टप्प्याटप्प्याने घेतायत, आपण त्यात बसतो का ते बघून मग खर्चात पडा. अर्ज भरून फी घेता आली असती, ती त्यांनी घेतली नाही. आणखी एक गोष्ट त्या मुलीच्याच लक्षात आली. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, अजून सासऱ्यांच्या नावावर होती. ती माझ्या नावावर झाली आणि महिला उद्योजकांना झेड प्रमाणपत्राची, म्हणजे लघुउद्योगांच्या दर्जाच्या सरकारी प्रमाणपत्राची, फी पूर्ण माफ असते, ती मला मिळाली.

दंडाबद्दलही ग्रुपवर बराच गोंधळ होता. जनविश्वास कायद्याने 1981 च्या हवा कायद्यातली बरीचशी तुरुंगवासाची कलमं 1 एप्रिल 2024 पासून गेली आणि त्या जागी दहा हजार ते पंधरा लाखांपर्यंत दंड आला. कुणी लिहिलं, "बरं झालं, तुरुंग गेला." आमच्या मापाच्या धंद्याला पंधरा लाख म्हणजे कुलूपच. पांढऱ्या, म्हणजे सगळ्यांत कमी प्रदूषणाच्या, गटातल्या उद्योगांना कन्सेंटमधून सूट मिळाली तेव्हाही दोघांनी कागद बंद करायची तयारी केली होती. त्यांचे गट पांढरे नाहीत हे कार्यालयाने वेळीच सांगितलं. पाववाले पोदेर ग्रुपवर पुष्कळ आहेत, त्यांना मुंबईच्या भट्ट्यांनी लाकूड जाळणं बंद करावं या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाची धास्ती होती. तो आदेश मुंबईच्या हद्दीपुरता, हे त्यांना फोनवर समजावलं गेलं. मला वाटतं ते लिहून टाकायला हवं होतं, कारण न्यायालय गोव्यालाही तेच आहे आणि माणसं अजून विचारतात.

चिमणी शेवटी मी स्वतःच्या पैशाने वाढवली. होंड्याच्या फॅब्रिकेटरने नमुन्याचं भोक, शिडी, उभं राहायला जाळी आणि वरचा भाग मिळून 64 हजार घेतले. सायक्लोन अजून राहिलाय. पण धुरात खरा फरक पडला तो जळणामुळे. त्या मुलीने दोन पातेल्यांत दोन मुठी पेटवून दाखवल्या, एकात आमची टरफलं, दुसऱ्यात तेल काढलेल्या टरफलांची पेंड. पहिल्यातून दोरखंडासारखा काळा धूर वर आला आणि पातेल्याच्या कडेला डांबरासारखं काहीतरी उकळत राहिलं. दुसऱ्यातून राखाडी धूर निघाला आणि थोड्या वेळात विरळ झाला. आता टरफलं तेलवाल्याला विकते आणि पेंड विकत घेते. हिशेबात थोडं नुकसान आहे, पण ते मी धरून चालले आहे. कामाच्या बायका सांगतात, डोळे आता तेवढे चुरचुरत नाहीत.

कन्सेंटचे कागद वेळेत झाले. साळगावला गोव्याच्या प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात एकदाच जावं लागलं, तेही सहीसाठी. दुसरी भेट मात्र ठरलेल्या महिन्यात झाली नाही, सहा आठवडे उशीर. मार्च ते मे आम्हाला श्वास घ्यायला वेळ नसतो आणि नेमके तेव्हा आले. काजूच्या धंद्यातल्यांनी भेटीची तारीख आधीच पावसाळ्यात लिहून घ्यावी. लहान गिरणी किंवा सुतारशाळा असेल तर सहा हजार जास्त वाटतील. त्यांनी नुसत्या मेसेजसाठी वेगळी, कमी फी ठेवावी असं मी सांगून आले आहे.

पुढच्या वर्षाचे पैसे मी भरले. जाणाऱ्यांसाठी: कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. दुपारी एक ते तीन फोन उचलत नाहीत. शुक्रवारी जाऊ नका, बाजाराचा दिवस, गाडी लावायला जागा मिळत नाही. पहिल्या भेटीला येणारं माणूस चिमणीवर चढणारं आहे ना, एवढं आधी विचारून घ्या.