राधानगरीजवळच्या मालकीच्या रानातील तंबूमुक्काम

कोल्हापूरहून हळदी, भोगावतीमार्गे राधानगरी गाठून पुढे दाजीपूरच्या दिशेने निघाले, की उसाचे फड मागे पडतात आणि अभयारण्याच्या हद्दीबाहेरची, पण तिला अगदी लागून असलेली काही मालकीची राने लागतात. त्यांपैकी एका रानात तेथील शेतकरी कुटुंबाने तंबूमुक्कामाची सोय केली असून मे महिन्याच्या अखेरीस आमची दोन कुटुंबे तेथे राहून आली. रानाचे नाव आणि नेमके ठिकाण येथे देत नाही, कारण ते कोठेही जाहीर करू नये अशी अट नोंदणी करतानाच घातली जाते आणि आधी येऊन गेलेल्या कोणाची तरी ओळख असल्याशिवाय जागाही दिली जात नाही. ही अट कोणाला आढ्यतेची वाटेल. पण काजव्यांच्या दिवसांत सुट्टीच्या रात्री राधानगरीच्या रस्त्यावर लागणारी गाड्यांची रांग ज्याने पाहिली आहे, त्याला तिचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही.

संस्थानकाळात शिकारीसाठी राखलेल्या या जंगलाला १९५८ मध्ये गव्यांसाठी संरक्षण मिळाले आणि ते महाराष्ट्रातील पहिले अभयारण्य ठरले. आज त्याचे क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर असून २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तेव्हा त्या यादीत राधानगरीचाही समावेश झाला. अभयारण्यात आपल्या मर्जीने तंबू ठोकता येत नाही, म्हणून हौशी मंडळी आसपासच्या मालकीच्या रानांकडे वळतात. मात्र रान मालकीचे असले तरी त्यातली जनावरे मालकीची नसतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खासगी जमिनीवरही तितकाच लागू होतो आणि त्यातील शिकारीच्या व्याख्येत पक्ष्याच्या घरट्याला उपद्रव देणेही मोडते, हे ‘आपल्या रानात आपण काहीही करू’ असे म्हणणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. या कुटुंबाला ते ठाऊक आहे आणि त्यांची सगळी व्यवस्था त्या जाणिवेवर उभी आहे.

तंबू मोजकेच, म्हणजे चारच लावू दिले जातात आणि तेही ठरलेल्या चौथऱ्यांवर. हे चौथरे माती चोपून केलेले असून जुन्या खळ्याच्या जागेवर आहेत, त्यामुळे नव्याने झाडोरा काढावा लागलेला नाही. ऐन, किंजळ, जांभूळ आणि अंजनी यांच्या सावलीत पाचोळ्याचा जो जाड थर पसरलेला आहे, त्यावर तंबू लावण्यास किंवा तो झाडून बाजूला करण्यास सक्त मनाई आहे. शहरातून आलेल्या माणसाला पाचोळा हा कचरा वाटतो. परंतु काजव्यांच्या अळ्या याच ओलसर पाचोळ्यात आणि मातीत गोगलगायी खाऊन वाढतात, तेव्हा झाडाखालची जागा लख्ख झाडणे म्हणजे पुढच्या वर्षीचे काजवे झाडून टाकणे होय. आमच्यापैकी एकाने चौथऱ्यापेक्षा ओढ्याकाठची हिरवळ अधिक सोयीची म्हणून तेथे तंबू पसरण्यास सुरुवात केली, तेव्हा घरातील वडीलधारे गृहस्थ, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात, शांतपणे येऊन म्हणाले, “पावणं, ती गव्याची वाट हाय. त्येनं वाट बदलायची का आपण तंबू?” त्यांनी दाखवले तेव्हा दिसले, की गवत एका रुंद पट्ट्यात दबलेले होते आणि चिखलात खुरांचे दुहेरी ठसे ओढ्याच्या दिशेने उतरत गेले होते.

ही वाट टाळण्यात भावनेपेक्षा व्यवहार अधिक आहे. पूर्ण वाढलेला नर गवा हजार किलोपर्यंत भरतो. कळप सहसा माणसाला पाहून निघून जातो, पण एकटा फिरणारा म्हातारा नर अचानक समोर आला आणि त्याला निसटायला जागा उरली नाही, तर तो अंगावर येतो. उन्हाळ्यात पाण्यासाठी आणि पिकासाठी गवे रानाबाहेर पडतात. डिसेंबर २०२१ मध्ये गवा थेट कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत येऊन पोहोचला होता आणि त्याच्यापेक्षा त्याला पाहायला जमलेल्या गर्दीचीच चिंता अधिक वाटावी, अशी तेव्हाची स्थिती होती. येथे मात्र अंधार पडल्यानंतर चौथऱ्यांच्या आवाराबाहेर एकट्याने जाता येत नाही, आणि हा नियम पाहुण्याच्या वयाकडे न पाहता पाळला जातो.

प्रकाशाविषयीची शिस्त मला सर्वांत मोलाची वाटली. मेच्या अखेरीस, वळवाचे एक-दोन पाऊस झाले की येथील झाडांवर काजवे चमकू लागतात आणि पावसाळा नीट लागेपर्यंत हा खेळ चालतो. ही चमक म्हणजे नर-मादीची परस्परांना दिलेली खूण असते. तिच्यात विजेरीचा पांढरा झोत मिसळला की खुणा दिसेनाशा होतात आणि मीलन खोळंबते. म्हणून संध्याकाळी आण्णांच्या सुनेने प्रत्येकाची विजेरी मागून घेतली, तिच्या काचेवर पतंगाचा लाल कागद दुहेरी घडी करून रबराने पक्का बसवला आणि मगच ती परत दिली. मोबाईलच्या पडद्याचा उजेड कमीत कमी ठेवण्यास सांगितले गेले आणि फ्लॅश वापरून छायाचित्र घेतल्यास मुक्काम तेथेच संपेल, असे स्पष्ट बजावण्यात आले. लाल उजेडात पायाखालचे पुरेसे दिसते. थोड्या वेळाने डोळे सरावतात आणि एरवी झोतामुळे न दिसणाऱ्या गोष्टी दिसू लागतात. आमच्या समोरच्या ऐनावर काजवे इतक्या एका तालात लुकलुकत होते, की मुलांनी तो ताल मोजायला सुरुवात केली. पलीकडून भेकराचे भुंकणे अधूनमधून येत राहिले.

शेकोटी नाही. कोल्हापूरकरांना हे पचणे अवघड जाईल, हे मान्य. आपल्याकडे रानात जायचे म्हणजे रस्सामंडळ हवे, तीन दगडांची चूल हवी, मटणाचे पातेले हवे आणि त्याच्या जोडीला कोणाच्या तरी गाडीतला स्पीकरही हवा, अशी रीतच होऊन बसली आहे. परंतु फेब्रुवारीपासून पहिल्या पावसापर्यंतचा काळ वणव्यांचा असतो, आणि सरपण म्हणून आपण उचलतो त्या वाळक्या, पडलेल्या लाकडात भुंगेऱ्यांच्या अळ्यांपासून सरड्यांपर्यंत कितीतरी जिवांचा आसरा असतो. येथे चूल पेटते ती फक्त कुटुंबाच्या घराच्या परसात, आणि जेवणही तेथेच बसून करायचे असते. तंबूत अन्न ठेवू देत नाहीत, कारण त्याच्या वासाने रानडुक्कर येते आणि या भागात अस्वलेही आहेत. जेवण साधे पण उत्तम होते: नाचणीची भाकरी, कुळथाचे माडगे, वांग्याचे भरीत, दही आणि लसणीचा ठेचा. उष्टे बाहेर टाकले जात नाही; भांड्यांचे पहिले धुवण म्हशीच्या घमेल्यात जाते आणि भांडी राखेने घासली जातात. ओढ्यात साबण चालत नाही, कारण त्या पाण्यात बेडूक वाढतात आणि त्यांची कातडी पाण्यात मिसळलेले सगळे शोषून घेते.

उणिवाही आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. चार तंबूंना मिळून एकच शौचालय आहे. ओढ्यापासून पुरेसे लांब, खड्ड्याचे आणि वर राख-मातीचा थर देण्याच्या पद्धतीचे असल्याने ते पाण्याच्या दृष्टीने निर्दोष आहे. पण रात्री तेथपर्यंत कोणाला तरी सोबत घेऊन जावे लागते आणि वृद्धांना ही दगदग झेपणारी नाही. चौथऱ्यांना पाण्याचा उतार नीट दिलेला नसल्यामुळे वळवाच्या सरीत खालच्या बाजूच्या तंबूत पाणी शिरले.

याहून गंभीर उणीव सर्पदंशासंबंधीची आहे. या पट्ट्यात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप आढळतात. त्यांतील मण्यार रात्री जमिनीवरच्या अंथरुणात शिरते, म्हणून तंबूची चेन सतत लावून ठेवण्याची सूचना तोंडी दिली गेली, आणि ती योग्यच होती. परंतु प्रतिविष कोणत्या रुग्णालयात मिळेल, रात्री गाडी कोण काढील, कोणाला दूरध्वनी करायचा, याचा एकही फलक तेथे नाही. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष याच चार सापांच्या विषावर चालते. सह्याद्रीतल्या झाडाझुडपांवर असणाऱ्या चापडा या विषारी सापाच्या दंशावर त्याचा भरवसा धरता येत नाही, ही गोष्टही पाहुण्यांना सांगितली जायला हवी. मोबाईलला तेथे जेमतेम, तेही घराच्या ओट्यावरच, संपर्क मिळतो. ही तयारी होईपर्यंत लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी दंश झाल्यास कोठे आणि कसे पोहोचायचे, हे घरूनच ठरवून निघावे.

दर माणशी बाराशे रुपये आहे, त्यात दोन वेळचे जेवण येते. शिवाय प्रत्येक तंबूमागे पाचशे रुपयांची अनामत घेतली जाते. सकाळी आण्णा स्वतः चौथऱ्याभोवती फिरून पाहतात आणि मगच ती परत करतात. आमच्या शेजारच्या तंबूवाल्यांचे काड्यापेटीच्या काड्या आणि शांपूची एक पुडी सापडल्यामुळे शंभर रुपये कापले गेले, तेव्हा त्यांनी थोडी हुज्जत घातली, पण पैसे काही परत मिळाले नाहीत. शहरातल्या तुलनेने दर जास्त नाही, मात्र एवढ्या सोयींत तो कमीही नाही. गव्यांनी भाताचे आणि नाचणीचे नुकसान केले की भरपाईसाठी पंचनामे, कागदपत्रे आणि फेऱ्या यांत हंगाम निघून जातो, आणि दुसरीकडे उभे रान तोडायला मागणारे ठेकेदार रोख पैसे घेऊन दारात येतात. तंबूंचे उत्पन्न हे त्या रोख पैशांना या घराने दिलेले उत्तर आहे, असे आण्णांच्या मुलाने हिशेबाची वही उघडून दाखवले. त्या वहीत पिकाच्या नुकसानीचे रकाने आणि मुक्कामाच्या जमेचे रकाने शेजारीशेजारी आहेत.

पाऊस लागल्यावर मुक्काम बंद होतो आणि दिवाळीनंतर पुन्हा सुरू होतो. हिवाळ्यात काजवे नसतात, पण तेव्हा शेकरू दिसण्याची शक्यता चांगली असते आणि पहाटे ओढ्याकडून कस्तुर पक्ष्याची शीळ ऐकू येते, असे घरच्यांनी सांगितले. मद्य, पाळीव कुत्रे आणि स्पीकर यांपैकी काहीही सोबत असल्यास फाटकातूनच परत पाठवले जाते, आणि अशा वेळी आगाऊ भरलेली रक्कम मिळत नाही. वाढदिवसाच्या मेजवानीसाठी जागा शोधणाऱ्यांनी पन्हाळ्याच्या वाटेवरचे एखादे हॉटेल पाहावे. ज्यांना जायचे आहे त्यांनी पाय पूर्ण झाकणारे बूट, मळकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मोठ्या आकाराचे पाण्याचे भांडे न्यावे, कारण बाटलीबंद पाणी तेथे विकले जात नाही आणि आणलेल्या रिकाम्या बाटल्या मोजूनच परत न्याव्या लागतात.