फ्लेअर की इन्फेक्शन: कल्चर करावं की पीसीआर पॅनल?

यूसी (अल्सरेटिव्ह कोलायटिस) किंवा क्रोन्स, म्हणजे आतड्याच्या जुनाट सुजेचे आजार, असलेल्या घरात हा प्रश्न कधी ना कधी येतोच. गोळ्या वेळेवर चालू असतात, सगळं बरं चाललेलं असतं आणि अचानक संडासच्या फेऱ्या वाढतात, मुरडा, आव, रक्त. आता हा आपलाच आजार उसळला (म्हणजे फ्लेअर) की बाहेरचा जंतू शिरला हे कळायला मार्ग नाही, कारण लक्षणं डिट्टो सारखी आणि उपाय जवळपास उलटे, फ्लेअर असेल तर स्टेरॉइड वाढवा आणि जंतू असेल तर आधी जंतूचं बघा. गॅस्ट्रोवाले डॉक्टर स्टूल तपासायला सांगतात आणि मंग नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या लॅबच्या काउंटरवर विचारतात, साधं कल्चर करू की पॅनल करू? पावसाळ्यात हे विचारणारे फोन मला बरेच येऊन राहिले म्हणून एकदाचं लिहून काढतो. मी दोन्ही करून बघितलं आहे. मी डॉक्टर नाही, यूसीचा पेशंट आहे, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

दोन्ही काय असतं हे तुम्हाला माहीत असेलच. कल्चरमध्ये साल्मोनेला, शिगेला वगैरे प्लेटवर वाढतात का ते बघतात, दोन-तीन दिवस जातात. पॅनलमध्ये पीसीआर नावाच्या पद्धतीने एकाच वेळी बऱ्याच जंतूंचा डीएनए शोधतात, बायोफायर कंपनीच्या पॅनलमध्ये 22 नावं आहेत, त्यात 13 बॅक्टेरिया आणि बाकी व्हायरस आणि परजीवी, मशीन साधारण तासाभरात उत्तर देते. पण मशीन तासाभराची आहे म्हणजे रिपोर्ट तासाभरात हातात पडेल असं नाही बरं का. मशीन त्या लॅबमध्येच आहे की सॅम्पल बाहेरगावी जाते हे पैसे भरायच्या आधी विचारा. पॅनल कित्येक पटीने महाग आहे हेही आलंच, पण दुखणं अंगावर असताना माणूस पैशाकडे बघत नाही म्हणून तो मुद्दा मी बाजूला ठेवतो.

आता खरी गोष्ट. आपल्यासारख्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा जंतू म्हणजे सी डिफ, क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल. इतरांना तो बहुतेक वेळा अँटिबायोटिकनंतर किंवा दवाखान्यात भरती झाल्यावर होतो, आयबीडीवाल्यांना (म्हणजे आपल्याला, यूसी-क्रोन्सवाल्यांना) यातलं काहीही झालेलं नसताना होऊ शकतो. आणि साध्या कल्चरमध्ये सी डिफ बघतच नाहीत! कल्चर निगेटिव्ह आलं म्हणजे सी डिफ नाही असं समजून लोक मोकळे होतात, तसं नाहीये. त्याची टेस्ट वेगळी असते, जीडीएच आणि टॉक्सिन, छोट्या कार्डवर होते आणि सॅम्पल सकाळी दिलं तर बऱ्याचदा त्याच दिवशी रिपोर्ट मिळतो. जीडीएच सांगते की जंतू आहे, टॉक्सिन सांगते की तो विष सोडून राहिला आहे. एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह आलं तर पीसीआरने निकाल लावतात. म्हणजे तुलना खरं तर कल्चर विरुद्ध पॅनल अशी नाहीच, कल्चर अधिक जीडीएच-टॉक्सिन एका बाजूला आणि पॅनल दुसऱ्या बाजूला अशी आहे.

पॅनलमध्येही सी डिफ असतो, पण तिथे फक्त टॉक्सिनचं जीन सापडते. जीन आहे म्हणजे विष तयार होते आहे असं नाही. काही लोकांच्या पोटात सी डिफ नुसता बसलेला असतो, काही करत नाही, आणि आयबीडीवाल्यांमध्ये असे लोक जास्त असतात. मंग पॅनल पॉझिटिव्ह आल्यावर डॉक्टर परत म्हणणार की टॉक्सिन करून घ्या. म्हणजे महागाची टेस्ट करूनही ती स्वस्तातली करावीच लागली.

आणि माझा निर्णय ज्याने झाला तो त्रास हाच, पण जरा वेगळ्या रूपात. माझा पॅनलचा रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पीडीएफमध्ये आला. लांबलचक यादी, बहुतेक ओळींसमोर नॉट डिटेक्टेड आणि मध्येच दोन ओळी ठळक लाल: एन्टेरोएग्रिगेटिव्ह ई. कोलाय डिटेक्टेड, एन्टेरोपॅथोजेनिक ई. कोलाय डिटेक्टेड. घरात सगळ्यांचे चेहरे उतरले, जो तो मोबाइल काढून वाचायला लागला, बहिणीने तर ई. कोलायने किडनी फेल झाल्याची बातमी शोधून काढली (तो प्रकार वेगळा, शिगा टॉक्सिनवाला, आणि त्याची पॅनलमध्ये वेगळी ओळ असते जी माझ्यात निगेटिव्ह होती). फॅमिली डॉक्टर म्हणाले जंतू सापडलाय तर कोर्स करून घेऊ. गॅस्ट्रोवाले म्हणाले हे दोन्ही आपल्याकडे धडधाकट माणसांच्या शौचातही सापडतात, यांना हात लावू नका, हा फ्लेअर आहे. आता पेशंटने कोणाचं ऐकायचं? मी गॅस्ट्रोचं ऐकलं, पण त्या दोन लाल ओळींनी आमच्या घराची झोप उडवली आणि स्टेरॉइड सुरू करायला उगाच उशीर झाला. पॅनल खोटं बोलत नाही हो, जे आहे ते दाखवते, मेलेल्या जंतूचा डीएनएही दाखवते. पण कोण नुसता राहायला आहे आणि कोण चोर आहे हे ते सांगत नाही, आणि आपल्या आजारात नेमकं तेच कळायला पाहिजे. कारण विनाकारण अँटिबायोटिक घेतलं तर पोटातले चांगले जंतू मरतात आणि ज्या सी डिफला घाबरून आपण टेस्ट करायला गेलो त्यालाच दार उघडून मिळते. माझ्या मते तरी ही किंमत पॅनलच्या बिलापेक्षा मोठी आहे.

हाच धोका साध्या स्टूल रुटीनमध्येही आहे. पस सेल्स (पू) भरपूर दिसल्या की लगेच ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलसारखं अँटिबायोटिक लिहून मोकळे होतात. अहो, यूसी उसळल्यावर पस सेल्स येणारच नं! कॅलप्रोटेक्टिनचंही (आतड्याची सूज दाखवणारी शौचाची टेस्ट) तेच, फ्लेअरमध्येही वाढते आणि इन्फेक्शनमध्येही, त्यामुळे या प्रश्नाला त्याचा उपयोग नाही.

कल्चरचे त्रास काय ते पण सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. पहिला म्हणजे सॅम्पल पोचवणं. दोन तासांच्या आत लॅबमध्ये गेलं पाहिजे नाहीतर कॅरी-ब्लेअर नावाच्या माध्यमाच्या ट्यूबमध्ये घालून द्यावं लागते, आणि सी डिफचं टॉक्सिन तर साध्या खोलीतही टिकत नाही, मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात स्कूटरच्या डिक्कीत ठेवलं तर संपलंच. ते वेगळ्या डबीत, ट्यूबमध्ये न घालता, बर्फाच्या पिशवीत ठेवून न्यायचं. मनीषनगरहून धंतोलीला सकाळच्या ट्रॅफिकमध्ये निघायचं असेल तर हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं, किंवा सरळ लॅबमध्ये जाऊनच सॅम्पल द्यायचं, ज्याला दिवसातून दहादा जावं लागून राहिलं त्याला ते काही कठीण नाही.

दुसरा त्रास कॅम्पिलोबॅक्टरचा. हा जंतू कमी ऑक्सिजनमध्ये आणि 42 डिग्रीला वाढवावा लागतो, त्यामुळे मुद्दाम सांगितलं नाही तर बऱ्याच ठिकाणी तो बघतच नाहीत, आणि बघितला तरी कधी कधी हातचा सुटतो. इथे पॅनल सरळ सरळ पुढे आहे हे मान्य करायला पाहिजे. अमीबाचंही तसंच. मायक्रोस्कोपखाली हिस्टोलिटिका आणि निरुपद्रवी डिस्पार सहसा वेगळे ओळखू येत नाहीत, पॅनल नेमका हिस्टोलिटिका शोधते. अमीबा असताना स्टेरॉइड देणं फार धोक्याचं असते, त्यामुळे आपल्याकडे हा मुद्दा लहान नाही. फक्त त्यासाठी वेगळी अँटिजेन टेस्टही मिळते, तेवढ्यासाठी पूर्ण पॅनल लागत नाही.

पण कल्चर एक गोष्ट देते जी पॅनल देऊच शकत नाही, जंतू जिवंत वाढला तर त्याच्यावर कोणतं औषध चालते हे कळते. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकला न जुमानणारे कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला आपल्या देशात भरपूर आहेत. पॅनलवर नुसतं नाव येते आणि औषध अंदाजाने द्यावं लागते.

वेगाबद्दल लोक फार बोलतात म्हणून थोडं. दिवसाला रक्ताचे सहा किंवा जास्त जुलाब आणि सोबत ताप किंवा नाडी 90 च्या वर, अशी परिस्थिती असेल तर कोणती टेस्ट बरी हा विचार सोडा आणि भरती व्हा. तिथे डॉक्टर सॅम्पल घेतात पण रिपोर्टसाठी शिरेतलं स्टेरॉइड सहसा थांबवून ठेवत नाहीत. मंग तिसऱ्या दिवशी स्टेरॉइड लागू पडलं का ते बघून पुढचं ठरवतात, आणि तोवर कल्चरचा रिपोर्टही बहुधा आलेला असतो. सी डिफचा तर त्याआधीच. म्हणून तासाभराच्या रिपोर्टचा वाटतो तितका फायदा मला दिसला नाही. आणि स्टेरॉइडने उतार पडला नाही तर जी शंका घेतात ती सीएमव्ही व्हायरसची, तो या दोन्हींमध्ये येत नाही, त्यासाठी सिग्मॉइडोस्कोपी (दुर्बिणीने आतडं बघणं) करून बायोप्सीच, म्हणजे आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासणंच लागते.

तरी पॅनल कोणी करावं? जे आधीच कुठूनतरी अँटिबायोटिक घेऊन आले आहेत त्यांनी, कारण मंग प्लेटवर काही वाढत नाही आणि नो ग्रोथचा रिपोर्ट घेऊन माणूस तिथल्या तिथेच राहते. जे इन्फ्लिक्सिमॅब, अॅझाथायोप्रिन वगैरे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर आहेत आणि ताप उतरून नाही राहिला त्यांनी. आणि ज्यांच्या डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं त्यांनी, कारण ते रिपोर्ट वाचायची जबाबदारीही घेतील. बाकी घरी असलेल्या, चालत्या-फिरत्या, नुकताच त्रास वाढलेल्या माणसाला मी तरी पहिल्यांदा जीडीएच-टॉक्सिन आणि कल्चरच सांगीन. चिठ्ठीवर कॅम्पिलोबॅक्टर सकट असं डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि काउंटरवर तुम्हाला यूसी आहे हे तोंडाने सांगा. आणि रिपोर्ट येईपर्यंत जुलाब थांबवायची लोपेरामाइड घेऊ नका.

सी डिफ निघालाच तर व्हँकोमायसिन तोंडाने घ्यायचं असते, 125 मिलिग्रॅम दिवसातून चारदा, आणि 2021 च्या अमेरिकन गाइडलाइनप्रमाणे आयबीडीवाल्यांना किमान 14 दिवस. शिरेतून दिलेलं व्हँकोमायसिन मोठ्या आतड्यात पोचत नाही, म्हणून कॅप्सूल मिळाली नाही तर इंजेक्शनची बाटली पाण्यात विरघळवून पाजतात, ते बघून घाबरू नका, ती पद्धत बरोबर आहे. आणि बरं वाटल्यावर खात्री म्हणून परत सी डिफची टेस्ट करायला जाऊ नका, पीसीआर तर जुलाब थांबल्यावरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते आणि कोणीतरी त्या कागदावर पुन्हा औषध सुरू करेल.