पिशवीतले ठोकळे आणि इलिनॉयची २७ मतं: ‘१९६०: द मेकिंग ऑफ द प्रेसिडेंट’ या बोर्ड गेमचं परीक्षण

१९६० च्या अमेरिकी निवडणुकीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास शिकागो काढतं. केनेडींच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे महापौर डेली यांच्या माणसांनी तिथे मतं फिरवली नसती तर निक्सन अध्यक्ष झाले असते, असं. बेरीज करून पाहिली तर हे एवढ्यावर भागत नाही. अध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांतून निवडलेल्या इलेक्टरांच्या मतांवर, म्हणजे इलेक्टोरल मतांवर. केनेडींना अशी ३०३ मतं मिळाली, निक्सनना २१९, आणि उरलेल्या १५ इलेक्टरांनी दोघांनाही डावलून सिनेटर हॅरी बर्ड यांच्या नावावर मत टाकलं. एकूण ५३७, बहुमताला २६९. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयची २७ मतं केनेडींकडून काढून घेतली तरी त्यांच्याकडे २७६ उरतात. निक्सनना इलिनॉयच्या जोडीला टेक्सासची २४ सुद्धा हवी होती, तेव्हा कुठे २७० होतात. आणि इलिनॉयचा फरक ८,८५८ मतांचा असला तरी टेक्सासचा ४६ हजारांच्या वर होता.

‘असं झालं असतं तर’ या खेळात अशी किंमत मोजायला लावणारी साधनं फार थोडी आहेत. ख्रिश्चन लिओनहार्ड आणि जेसन मॅथ्यूज यांचा हा दोघांचा बोर्ड गेम त्यातला सगळ्यात चांगला. पहिल्यांदा २००७ मध्ये झेड-मॅन गेम्सने काढला, २०१७ मध्ये जीएमटी गेम्सने दुसरी आवृत्ती आणली. एक जण केनेडी, निळा. दुसरा निक्सन, लाल. पटावर ५० राज्यं, त्यावेळच्या इलेक्टोरल मतांसकट: न्यूयॉर्क ४५, कॅलिफोर्निया आणि पेनसिल्व्हेनिया प्रत्येकी ३२, ओहायो २५. अलास्का आणि हवाई नुकतीच राज्यं झालेली, प्रत्येकी ३. राजधानी वॉशिंग्टनला तेव्हा मतच नव्हतं, म्हणून पटावरही नाही. ५३७ हा विषम आकडा असल्यामुळे दोघांतली बरोबरी शक्यच नाही.

डाव ९ फेऱ्यांचा. १ ते ५ प्रचार, ६ वी टीव्हीवरची वादचर्चा, ७ आणि ८ पुन्हा प्रचार, ९ वी मतदानाचा दिवस. पहिल्या पाच फेऱ्यांत हातात ६ पत्ते येतात. पाच खेळायचे आणि एक वादचर्चेसाठी बाजूला ठेवायचा. ७ व्या आणि ८ व्या फेरीत ७ पत्ते येतात आणि दोन-दोन मतदानाच्या दिवसासाठी राखायचे. पत्ता दोन तऱ्हांनी वापरता येतो. एक तर त्यावर लिहिलेली घटना घडवायची, नाही तर त्यावरचे २, ३ किंवा ४ कॅम्पेन पॉइंट (खेळणारे सगळे ‘सीपी’ म्हणतात) खर्च करायचे. सीपी तीनच ठिकाणी खर्चून आपल्या रंगाचे ठोकळे ठेवता येतात: राज्यांत पाठिंबा, मीडिया, किंवा संरक्षण, अर्थव्यवस्था आणि नागरी हक्क हे तीन मुद्दे. एका पत्त्याचे सीपी एकाच प्रकारावर जातात, वाटून घालता येत नाहीत. नवखे इथेच चुकतात. चारचा पत्ता हातात आला की दोन ओहायोत, दोन मीडियावर असं मांडायला जातात.

आता पिशवी. या खेळाचा जीव तिच्यात आहे. पत्ता जितका लहान, तितके तुमच्या रंगाचे जास्त ठोकळे पिशवीत पडतात: ४ वजा सीपी, असा हिशेब. चारचा पत्ता खेळलात तर शून्य, तीनचा तर एक, दोनचा तर दोन. खेळात याला रेस्ट क्यूब म्हणतात, म्हणजे उमेदवाराने घेतलेली विश्रांती. एका फेरीत तुम्ही पाचही पत्ते चारचे खेळलात आणि समोरच्याने पाचही दोनचे, तर तुम्ही २० सीपी टाकले, त्याने १०. पण पिशवीत त्याचे १० ठोकळे पडले आणि तुमचा एकही नाही. पुढच्या फेरीत कोण आधी खेळणार हे ती पिशवीच ठरवते. अवघड राज्यात पाय रोवायचा तर त्यासाठीही तिच्यातूनच ठोकळा काढावा लागतो. दमलेल्या निक्सनची घसरण नियमपुस्तकात न लिहिता अशी पिशवीतून दाखवणं ही या खेळाची खरी कमाल.

एक प्रसंग जवळून बघू. इलिनॉयवर ४ निळे ठोकळे आहेत. चार झाले की राज्य ‘कॅरी’ झालं असं धरतात. निक्सनची सोंगटी पूर्वेत आहे आणि हातात तीनचा पत्ता. मिडवेस्टमध्ये जायला १ सीपी गेला, उरले २. राज्य कॅरी असल्यामुळे प्रत्येक सीपीला सपोर्ट चेक: पिशवीत हात घाला, लाल निघाला तर एक निळा उठला, निळा निघाला तर सीपी वाया. पिशवी निम्मी-निम्मी असेल तर दोन्ही लाल निघण्याची शक्यता साधारण चारात एक. सरासरी एकच ठोकळा हलणार, म्हणजे पूर्ण पत्ता घालून २७ मतांच्या राज्यात केनेडींची आघाडी चारावरून तीनवर. तोच पत्ता मिडवेस्टमध्ये मीडियाचं वर्चस्व असताना खेळला असता तर कॅरीसाठीचा चेक माफ आणि दोन्ही ठोकळे नक्की हलले असते. म्हणून मोठ्या राज्यावर चाल करायच्या आधीच्या फेरीत त्या विभागात मीडियाचे ठोकळे लावून ठेवायचे. मीडियाच्या प्रत्येक ठोकळ्यालाही चेक लागतो, त्यामुळे हे काम पिशवीत आपला रंग दाट असतानाच करायचं. आणि स्वतःच्या राज्यात तीनवर कधीच थांबायचं नाही. तीन ठोकळे उघड्यावर असतात. चौथा ठेवला की समोरच्याला प्रत्येक पावलाला पिशवीसमोर हात जोडावे लागतात.

विभाग चार आहेत: पूर्व, दक्षिण, मिडवेस्ट, पश्चिम. दर वेळी विभाग बदलला की १ सीपी खर्च. निक्सननी पन्नासही राज्यांत जाण्याचं वचन दिलं होतं आणि ते पाळायला मतदानाच्या आदल्या रविवारी, ६ नोव्हेंबरला, अलास्का गाठलं. ३ मतांसाठी. हा हट्ट किती महागात पडला असेल ते पटावर दोनदा विभाग बदलले की कळतं. गुडघ्याच्या जंतुसंसर्गाने ते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वॉल्टर रीड रुग्णालयात अडकले होते, तो गुडघाही पत्त्यांत आहे. १२ सप्टेंबरला ह्यूस्टनच्या धर्मगुरूंपुढे केनेडींनी आपल्या कॅथलिक असण्यावर केलेलं भाषण आहे, नोव्हेंबरच्या सुरुवातीला डॅलसमध्ये केनेडींचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार जॉन्सन आणि त्यांच्या पत्नीला घेरणारा संतप्त जमाव आहे.

पत्त्यावर ज्या पक्षाचं चिन्ह असेल त्याला ती घटना फायद्याची. तुम्ही शत्रूच्या चिन्हाचा पत्ता सीपीसाठी खेळलात तर तो एक मोमेंटम (प्रचाराचा जोर दाखवणारी चकती) देऊन घटना घडवू शकतो. ते आधीच रोखायचं तर तुम्हाला दोन मोमेंटम मोजावे लागतात. साठवून उपयोग नाही, कारण फेरीअखेर निम्मे मोमेंटम विरतात. मात्र शून्यावर कधी येऊ नका. समोरच्याला एकदा कळलं की तुमच्याकडे मोमेंटम नाही, तो तुमच्या चिन्हाचे सगळे पत्ते निर्धास्त खपवतो. हातात एक जरी दिसला तरी त्याला विचार करावा लागतो, आणि तेवढं पुरेसं असतं.

मोमेंटम येतात मुद्द्यांतून. पहिल्या क्रमांकाच्या मुद्द्यावर आघाडी असेल तर एक मोमेंटम, दुसऱ्यावर असेल तर मोमेंटम किंवा एंडोर्समेंट (एखाद्या विभागातला जाहीर पाठिंबा देणारा पत्ता) यांतलं एक, तिसऱ्यावर एंडोर्समेंट. मीडियाचे ठोकळे ज्याचे एकूण जास्त, त्याला शेजारच्या दोन मुद्द्यांची अदलाबदल करता येते. मुद्द्यांवर मेहनत तुम्ही करायची आणि क्रम दुसऱ्याने फिरवायचा, हे फार जिव्हारी लागतं.

एंडोर्समेंट ही या खेळातली ढिली जागा. मतदानाच्या दिवशी ज्या राज्यावर एकही ठोकळा नसेल ते त्या विभागात ज्याच्या एंडोर्समेंट असतील त्याला जातं. कुणाच्याच नसतील तर राज्यावर छापलेल्या पक्षाला. कल्पना छान आहे, पण एंडोर्समेंटचा पत्ता गड्डीतून आंधळा येतो. पश्चिमेतली रिकामी राज्यं मोजून ठेवावीत आणि हातात दक्षिणेची एंडोर्समेंट यावी, असं वारंवार होतं. पहिल्या काही फेऱ्यांत यांच्या मागे लागू नये. सातव्या फेरीनंतर रिकामी राज्यं कुठे उरली ते दिसतं, तेव्हा बघावं.

वादचर्चेची फेरी थोडक्यात: राखलेले पाच-पाच पत्ते मुद्द्यांखाली लागतात, मोठ्या बेरजेवर मुद्दा सुटतो आणि जो मुद्दा उशिरा सुटतो त्याचं बक्षीस मोठं. नवखे पाच फेऱ्या हातातला सगळ्यात टाकाऊ पत्ता बाजूला ठेवत जातात आणि सहाव्या फेरीत शिकागोच्या स्टुडिओतल्या २६ सप्टेंबरच्या निक्सनसारखे फिकट पडतात. राखताना सीपीइतकंच चिन्ह आणि मुद्दाही बघायचा. स्वतःच्या चिन्हाचा तीनचा पत्ता हा शत्रूच्या चिन्हाच्या चारपेक्षा इथे जास्त कामाचा.

मतदानाच्या दिवशी राखलेल्या प्रत्येक पत्त्यावर छापलेल्या राज्यात तीन सपोर्ट चेक मिळतात. टेक्सासवर २ निळे असतील तर तिन्ही वेळा लाल यायला हवा: दोन निळे उठणार, तिसरा लाल बसणार. निम्म्या पिशवीत हे आठात एकदा होईल. पण राज्यावर १ निळा असेल तर तीनांत दोन लाल पुरतात, म्हणजे शक्यता थेट निम्मी. म्हणून राखायचा पत्ता मोठ्या राज्याचा असण्यापेक्षा अटीतटीच्या राज्याचा असावा. पिशवी आधी नीट हलवा. नंतर टाकलेले ठोकळे वरच बसतात आणि हात तिथेच जातो. मोजणीला दोघांनी वेगवेगळी बेरीज करू नये. एकाची करा, दुसऱ्याची बहुतेक डावांत ५३७ मधून वजा करून मिळते.

आता मुख्य तक्रार. पटावर तिसरा रंग नाही. मिसिसिपीची ८ आणि अलाबामाच्या ११ पैकी ६ मतं कुणालाही न बांधलेल्या इलेक्टरांकडे गेली होती. ओक्लाहोमाच्या एका इलेक्टराने निक्सनना सोडून बर्ड यांना मत दिलं. हे सगळं इथे एका पत्त्यावर भागवलंय. खरं तर त्या निवडणुकीतली सगळ्यात जवळची पर्यायी वाट हीच होती. इलिनॉय आणि १३ मतांचं मिसुरी (फरक ९,९८० मतांचा) निक्सनकडे गेलं असतं, तर केनेडी २६३, निक्सन २५९, बर्ड १५. बहुमत कुणालाच नाही, आणि निवड प्रतिनिधिगृहाकडे, जिथे प्रत्येक राज्याला एकच मत. त्यासाठी दोन राज्यांत मिळून साडेनऊ हजारांहून कमी मतदारांनी मत बदलणं पुरेसं होतं. दक्षिणेतल्या बंडखोर डेमोक्रॅटांना हवं होतं ते हेच. या पटावर ती वाट फुटत नाही. देशभरची एकूण मतंही खेळ मोजत नाही. केनेडींची आघाडी जेमतेम १ लाख १२ हजारांची होती, हे पटावर कुठेच जाणवत नाही.

तिसऱ्या रंगाची आठवण आपल्याकडच्यांना जास्त व्हावी. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत व्ही. व्ही. गिरींना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५ मतमूल्यं होती, नीलम संजीव रेड्डींना ३,१३,५४८ आणि आपल्या चिंतामणराव देशमुखांना १,१२,७६९. कोटा, म्हणजे जिंकायला लागणारं मतमूल्य, ४,१८,१६९. दुसऱ्या पसंतीची मतं मोजली तेव्हा गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. देशमुखांच्या मतपत्रिका बहुतांश रेड्डींकडे गेल्या, तरी कमी पडल्या. आमदारांचं मतमूल्य राज्यागणिक वेगळं, इंदिराबाईंचं सदसद्विवेकबुद्धीचं आवाहन, फुटलेली काँग्रेस. असा पट कुणी बनवला तर पिशवीत तीन रंग लागतील आणि हीच यंत्रणा चालून जाईल.

घेण्याआधी काही गोष्टी. खेळ बाहेरून मागवावा लागतो, म्हणून किंमत बघताना कुरियर आणि सीमाशुल्क धरूनच बघा. पत्त्यांवर मजकूर पुष्कळ आणि तो इंग्रजीतच. राज्यांची संक्षिप्त नावं सवयीची नसतील तर पहिल्या डावाला शेजारी यादी ठेवा. आपल्या पावसाळी हवेत पत्ते वाकतात, प्लास्टिकची पाकिटं घालून ठेवा. पटाला मोठं टेबल लागतं, पाटावर किंवा सेंटर टेबलवर बसत नाही. एकट्याने खेळायचा किंवा चौघांत रंगणारा हा खेळ नव्हे. सरावलेल्या दोघांना दीड ते दोन तास, पहिल्या वेळी तीन धरून चला. समोरच्याने नियम वाचले नसतील तर वादचर्चा आणि मतदानाचा दिवस हे दोन भाग त्याला पहिला पत्ता वाटायच्या आधी समजावून सांगा. नाही तर कोणते पत्ते राखायचे हे त्याला सहाव्या फेरीत कळेल आणि तोवर डाव हातातून गेलेला असेल.