फांगणेची आजीबाईंची शाळा: जाऊन पाहावी अशी

नातीच्या शाळेबाहेर रोज दुपारी आम्ही चार-पाच आजी-आजोबा उन्हात ताटकळतो. आत भलंमोठं सभागृह रिकामं, पण आम्हाला फाटकाच्या अलीकडेच थांबायचं! म्हणून जिथे आजींनाच लिहा-वाचायला शाळेत बसवतात, त्या ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी मुद्दाम गेले. कल्याणहून मुरबाड, मग पुढे.

शिवजयंतीला पारायण ऐकताना ‘आम्हालाही वाचता आलं असतं तर’ असं आजींनी बोलून दाखवलं, आणि जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी 8 मार्च 2016 ला शाळा सुरू केली. विद्यार्थिनी साठीच्या पुढच्या, गणवेश गुलाबी नऊवारी. वेळ दुपारी दोन ते चार. सकाळची कामं उरकलेली असतात, संध्याकाळची चूल पेटायची असते. माझ्या मते सगळ्यात हुशार आखणी हीच. इमारतीचं म्हणाल तर सुरुवात एका झोपडीवजा खोलीत झाली. प्रत्येकीच्या नावाचं एक झाड मात्र आहे.

गृहपाठ घ्यायला घरी नातवंडं. ज्यांना आजीने बोट धरून चालवलं, तेच आता तिचा ‘ळ’ गिरवून घेतात. हे ऐकून मला हसूही आलं आणि डोळेही भरले.

पाचपैकी पाच. जाताना पाट्या-पेन्सिली घेऊन जा, मिठाई नको.