नऊ महिने एकाच ब्रुअरीची ग्लुटेन-फ्री बिअर

सीलिअॅकचं, म्हणजे गहू-बार्लीतलं ग्लुटेन आतड्याला न चालण्याच्या आजाराचं, निदान झालं तेव्हा पोळी सोडणं मला जड गेलं नाही. सांगलीत भाकरीवर वाढलोय. अडलं ते हिंगापाशी, कारण हिंगाच्या कितीतरी डब्यांत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, आणि बिअरपाशी. अमेरिकेतल्या पोर्टलंडसारख्या बिअरच्या शहरात राहून दोन वर्षं मी मित्रांच्या घोळक्यात पाण्याचा ग्लास धरून बसलो. गेले नऊ महिने मात्र घराजवळच्या एका छोट्या ब्रुअरीची बिअर पितोय, महिन्याला आठ-दहा कॅन. तिच्या दोघी मालकिणी एकमेकींच्या बायका आहेत. त्यांच्या घरच्या गोष्टी पुढे येणार आहेत आणि नाव छापू का हे मी विचारलेलं नाही, म्हणून ब्रुअरीचं नाव देत नाही.

आधी एक गोष्ट, कारण हिच्यात मी स्वतः फसलोय. ‘ग्लुटेन काढलेली’ बिअर बार्लीचीच असते. एन्झाइम घालून त्यातल्या प्रथिनांचे तुकडे करतात. पण आंबवलेल्या पदार्थात ग्लुटेन नेमकं किती उरलंय हे खात्रीने मोजणारी चाचणी नाही. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएने २०२० च्या नियमात आंबवण्याआधीचा कच्चा माल ग्लुटेन-फ्री असल्याचा पुरावा मागितला. मी अशी एक बिअर पिऊन दोन दिवस आडवा होतो. सीलिअॅक असेल तर बार्लीच्या वाटेला जाऊच नका.

या ब्रुअरीत बार्ली किंवा गहू दारातूनच आत येत नाही. कामगारांनाही डब्यात पाव आणायला मनाई आहे. इतर ठिकाणी मी नळ्या वेगळ्या आहेत का, ग्लास कुठे धुता, असं विचारायचो आणि समोरच्याचा चेहरा बदलायचा. पहिल्याच दिवशी मी इथेही प्रश्नांची यादी काढली. धाकट्या मालकिणीने सगळी उत्तरं सावकाश दिली. मग म्हणाली की, नव्या गावातल्या बारमध्ये आम्हीही आधी दारातून अंदाज घेतो, इथे हातात हात घेऊन बसता येईल का. मी आणि माझा नवरा एकमेकांकडे बघत राहिलो. आम्हीही तेच करतो.

आता चव. पेल एल सगळ्यांत उत्तम. मिलेट आणि कुट्टूचा माल्ट (मोड आणून वाळवलेले, भाजलेले दाणे), त्यामुळे किंचित भाजलेल्या दाण्याची चव येते आणि हॉप्स या फुलांचा कडूपणा नेमका बसतो. ज्वारीच्या अर्कावर केलेल्या जुन्या ग्लुटेन-फ्री बिअरमध्ये जी आंबूस, धातूसारखी चव जिभेवर राहते, ती इथे नाही. स्टाउट चांगली, पण थंडीतच. पिल्सनर मला पातळ वाटते आणि तिचा फेस ग्लास टेबलावर ठेवेपर्यंत बसतो. मार्चमधली एक खेप आंबट निघाली होती. सांगितल्यावर त्यांनी उरलेले कॅन परत घेतले.

किंमत साध्या क्राफ्ट बिअरपेक्षा बरीच जास्त आहे, ते खटकतं. पण त्याचं कारण मी आत उभं राहून पाहिलंय. बार्लीचा स्टार्च साधारण ६५ अंश सेल्सियसला शिजतो. मिलेटचा त्याहून वरच्या तापमानाला, आणि तिथे माल्टमधले स्टार्च फोडणारे एन्झाइमच टिकत नाहीत. म्हणून दोन टप्प्यांत काम करावं लागतं किंवा बाहेरून एन्झाइम घालावे लागतात. बार्लीचं टरफल गाळणीचं काम करतं, ते इथे नसल्याने रस गाळताना लगदा चिकटतो, म्हणून त्यात भाताचं तूस मिसळतात. शिवाय माल्ट आणायचा तो फक्त ग्लुटेनरहित धान्याचं काम करणाऱ्या कारखान्यातून, कोलोरॅडोतल्या ग्राउस माल्ट हाउससारख्या.

आई इथे आली होती तेव्हा तिला तिथे नेलं. बिअर तिने हुंगलीसुद्धा नाही, पण माल्टचे दाणे तळहातावर घेऊन एक चावला. मोड आणून, वाळवून, भाजायचं, असं मी समजावत होतो, तर म्हणाली, “म्हणजे नाचणी सत्वाचीच रीत की रे.” थोरल्या मालकिणीने मला ते तीनदा समजावून सांगायला लावलं आणि वहीत लिहून घेतलं. बाहेर आल्यावर आईने विचारलं, “दोघी बहिणी का?” मी सांगितलं. आमच्या लग्नाला आई आली नव्हती. सांगलीत त्या कागदाला आजही किंमत नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला तेव्हा मी तिला फोनही केला नव्हता. गाडीत ती काही बोलली नाही. परत जायच्या आदल्या दिवशी मात्र बेसनाच्या पाकिटावरचं ग्लुटेन-फ्री माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, लाडू वळले, आणि त्या दोघींसाठी एकच डबा भरला. तो घेऊन मी गेलो तेव्हा नाचणीचा पहिला छोटा घाणा टाकीत होता. तो पेल एलइतका जमला नाही, मातकट लागला. दुसरा पुढच्या महिन्यात आहे.

पहिल्यांदा अशी बिअर घेणार असाल तर पेल एलच घ्या, आणि कॅनच्या बुडाची तारीख बघा. सहा आठवड्यांनंतर हॉप्सचा वास उतरतो.