केपरचं डी: बडोद्याच्या झाडांवर काही महिने वापरल्यावर

बडोदा आणि जांबुघोड्याच्या जंगलातली झाडं घेऊन उन्हाळ्यापासून आर या संगणक-भाषेतलं केपर पॅकेज वापरतोय. पानगळ, संयुक्त पान, फळाचा प्रकार हे गुण जवळच्या नात्यातल्या झाडांत एकत्र सापडतात का, म्हणजेच फायलोजेनेटिक सिग्नल आहे का, हे बघायचं होतं.

फायलो.डी हे फंक्शन फ्रिट्झ आणि पर्व्हिस यांनी 2010 मध्ये मांडलेलं डी हे माप काढतं. 'आहे किंवा नाही' अशा गुणांसाठी मला तरी ते पसंत आहे. फक्त आकडा उलट्या बाजूने वाचावा लागतो. 1 म्हणजे गुण वंशवृक्षावर कसाही विखुरलेला, 0 म्हणजे ब्राउनियन पद्धतीने (वंशवृक्षावर छोट्या यादृच्छिक पावलांनी) बदलत आल्यासारखा, शून्याखाली त्याहूनही घट्ट गट. पेजेलचं लॅम्डा (सिग्नलचंच दुसरं माप, त्यात 0 म्हणजे सिग्नल नाही) शिकून आलेली मुलं 0 बघून 'सिग्नलच नाही' म्हणतात! पी-व्हॅल्यूही दोन येतात, एक 1 शी तुलना करून, दुसरी 0 शी. दोन्ही 0.05 च्या वर असल्या, म्हणजे डी 1 पासूनही आणि 0 पासूनही वेगळं म्हणता येत नसेल, तर या डेटावरून काहीच ठरत नाही, असं सरळ लिहावं.

वी.फायलोमेकर या वंशवृक्ष बनवणाऱ्या पॅकेजमधून आणलेला वृक्ष कधीकधी केपर घेतच नाही, लेबलं दुबार आहेत म्हणतं. नोड-लेबलं (आतल्या फाट्यांना दिलेली नावं) काढून टाकली की काम होतं.

खरी गोम गुण निवडण्यात आहे. 'शेंग आहे का' असं विचारलं तर डी छान ऋण येतं, पण बाभूळ, पळस, चिंच, बहावा सगळे एकाच कुळातले. शेंग हीच त्या कुळाची ओळख, मग सिग्नल मिळाल्याचं कौतुक कसलं? पानगळीचं तसं नाही. ती अनेक कुळांत आहे, म्हणून तिथल्या डीमधून काही कळतं.

शेंग, बोंड, आठळीफळ, मांसल फळ असे चार प्रकार असतील तर डी चालत नाही. प्रकारांना 1, 2, 3, 4 आकडे देऊन फायटूल्स पॅकेजच्या फायलोसिग या फंक्शनमध्ये टाकणारे भेटतात, पण ते सलग मापांसाठी आहे. अशा वेळी बॉर्जेस आणि सहकाऱ्यांचं 2019 मधलं डेल्टा हे माप बरं. एन्ट्रॉपीवर (अनिश्चिततेच्या मापावर) चालतं, वेळ खातं आणि त्याला वरची मर्यादा नाही. त्यामुळे गुण झाडांमध्ये पुन्हापुन्हा पिसून आलेल्या डेल्टांशी तुलना करावीच लागते. वंशवृक्ष पूर्ण दुफाटा हवा, म्हणजे प्रत्येक फाट्याला दोनच फांद्या. त्यासाठी मल्टी2डीआय हे फंक्शन वापरलं तर शून्य लांबीच्या फांद्या तयार होतात, त्यांना किंचित लांबी द्यायची.

गायगर पॅकेजच्या फिटडिस्क्रीट फंक्शनमध्ये लॅम्डाही काढता येतं. पण चार प्रकारांना एआरडी मॉडेल (एका प्रकारातून दुसऱ्यात जाण्याच्या प्रत्येक बदलाला वेगळा दर) लावलं की 12 दर मोजावे लागतात. आमच्या यादीला ते झेपत नाही, त्यामुळे तूर्त ईआरवरच (सगळ्या बदलांना एकच दर) भागवतोय.