थंड इंजिनावर पंखा फिरवून दाखवला, आणि मी फसलो

ट्रकच्या रेडिएटरचा मूळ पंखा काढून इलेक्ट्रिक पंखे बसवा, डिझेल वाचेल, असं तुम्हाला कोणी सांगत असेल तर पैसे देण्याआधी माझं ऐका. माझी एकच सहाचाकी गाडी आहे. मालकही मीच, ड्रायव्हरही मीच. नागपूरच्या कळमना बाजारात धान्य भरायचं आणि सिवनी-जबलपूरकडे न्यायचं, त्यावर घर चालतं.

फेब्रुवारीत ऑइल बदलायला वाडीकडच्या एका दुकानात गेलो होतो. सकाळची वेळ, गाडी रात्रभर उभी होती. दुकानदारानं केबिन उचलायला लावली, पंख्याच्या पात्याला बोटानं ढकलला आणि म्हणाला, "पाहा भाऊ, हातानं फिरून राहिला. इंजिनाला धरतच नाही. व्हिस्कस गेला तुमचा." व्हिस्कस म्हणजे पंखा इंजिनाला जोडणारं कपलिंग. मी डोळ्यांनी पाहिलं, पंखा खरंच फिरला. मग म्हणाला, "हा पंखा इंजिनाची ताकद खाते. इलेक्ट्रिक लावा, लिटरमागं एक-दीड किलोमीटर वाढते." दोन पंखे, रिले, वायरिंग, मजुरी धरून 28,000 रुपये घेतले. पक्कं बिल मागितलं तर "18 टक्के वर लागतीन" म्हणाला, म्हणून मी चिठ्ठीवर भागवलं. जुना पंखा व्हिस्कससकट त्यानंच ठेवून घेतला, भंगार म्हणून.

आता जे मला नंतर कळलं ते आधी सांगतो, कारण सगळी फसवणूक तिथंच आहे. व्हिस्कस कपलिंगमध्ये सिलिकॉनचं घट्ट तेल असतं आणि पुढच्या बाजूला दोन धातूंची एक पट्टी असते. रेडिएटरमधून गरम हवा आली की ती पट्टी वाकते, आतली झडप उघडते, तेल पुढं सरकतं आणि पंखा इंजिनाला धरतो. थंड असताना तो सुटाच असतो, तसाच असायला पाहिजे. थंड इंजिनावर, अर्थात इंजिन बंद करून, पंखा ढकलला की थोडा जड लागून एखाद्या फेऱ्यात थांबला तर तो चांगला. ढकलल्यावर मोकळा फिरतच राहिला, किंवा कपलिंगवर तेलाचे ओघळ दिसले, तर गेला. माझा एका फेऱ्यातच थांबला होता, हे मला आजही स्पष्ट आठवतं. म्हणजे माझा चांगला माल त्यानं खराब म्हणून काढला.

डिझेलचंही तेच. गरज नसताना व्हिस्कस आपणच सुटतो, त्यामुळे वाचवायला फार काही उरतच नाही. तो म्हणाला तसा फरक मला एकाही फेरीत दिसला नाही.

मार्च, एप्रिल निभला. हायवेवर गाडी पळते तेव्हा समोरची हवाच रेडिएटर थंड ठेवते, पंख्याचं काम कमी पडतं. म्हणून मलाही वाटलं, बरं केलं. मग मे अखेरचा नवतपा, कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला. भरलेली गाडी घेऊन मनसर, देवलापार, खवासा ओलांडलं आणि कुरईच्या चढाला लागलो. दुपारचे अडीच, बाहेर गरम वारा. दुसऱ्या गिअरवर गाडी रेंगाळत होती. इंजिनाला पूर्ण जोर आणि समोरून हवा नाही, पंख्याची खरी परीक्षा अशाच वेळी असते. काटा वर सरकला, मी बाजू घेईपर्यंत लाल पट्ट्यात गेला. खाली उतरलो तर वाफेचा फुत्कार आणि दोन्ही पंखे बंद. एक नाही, दोन्ही.

गाडी ओढून नागपूरला आणली. हेड गॅस्केट उडालं होतं, हेड वाकलं होतं. अकरा दिवस गाडी उभी, भाडं गेलं ते वेगळंच.

ट्रान्सपोर्ट नगरातल्या एका जुन्या इलेक्ट्रिशियननं पंखे खाली काढले. मोटरवर 24 व्होल्टचं स्टिकर होतं. त्यांनी नखानं कोपरा उचलला, खाली प्लास्टिकमध्येच 12 कोरलेलं. कारचे पंखे होते ते. 24 व्होल्टच्या गाडीवर चालावेत म्हणून दोन्ही एकामागोमाग एकाच वायरीत जोडले होते, त्यामुळे एक मोटर जळली तशी दुसरीही थांबली. मूळ पंख्याभोवतीचा काऊल, म्हणजे हवा रेडिएटरमधूनच ओढली जावी म्हणून असलेलं आवरण, गायब होता आणि पंखे रेडिएटरच्या जाळीतूनच प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून बांधले होते. जिथं पट्टी घासली तिथली एक नळी पाझरायला लागली होती.

मग त्या इलेक्ट्रिशियनकाकांनी चुन्याच्या पुडीच्या मागं हिशोब मांडून दाखवला. दोन्ही पंखे मिळून 20 अँपिअर घेतात, इंजिन चालू असताना गाडीत मिळणाऱ्या 28 व्होल्टवर 560 वॅट, म्हणजे पाऊण अश्वशक्ती. चढावर पूर्ण धरलेला ट्रकचा पंखा दहा अश्वशक्तीच्या वर खातो. तेवढं काम विजेवर करायचं तर अडीचशेच्या वर अँपिअर लागतील, आणि गाडीत वीज बनवणारा माझा अल्टरनेटर 80 अँपिअरचा. इलेक्ट्रिक पंखा वाईट नाही, कारमध्ये तो वर्षानुवर्षं चालतो, काही मोठ्या बसमध्येही असतो. पण त्या बसला कंपनीनंच तेवढा मोठा अल्टरनेटर आणि मोठे रेडिएटर दिलेले असतात. वाडीत दोन तासांत ते बसत नाही.

दुकानात गेलो तर तो म्हणाला, "ओव्हरलोड चालवली असन तुम्ही." माझा जुना पंखा मागितला, तर विकला म्हणे. भंगार कोणी विकत घेतं का? हा प्रश्न मी विचारला तेव्हा तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो. धंद्यासाठीची खरेदी ग्राहक कायद्यात सहसा बसत नाही, पण स्वतः गाडी चालवून पोट भरणाऱ्याला सूट आहे, त्यामुळे माझ्यासारख्याला तक्रार करता येते. त्यांनी पहिला प्रश्न बिलाचा विचारला. माझ्याकडे सही नसलेली चिठ्ठी. म्हणून विनवून सांगतो, 18 टक्के लागू देत, बिल घ्या. आणि काढलेला पार्ट, खराब असला तरी, आपल्या गाडीतच घालून घरी न्या.

नवा व्हिस्कस, पंखा आणि काऊल बसवला, आता कुरईचा चढ काटा न हलता निघतो. ते दोन्ही पंखे मी टाकलेले नाहीत, सीटखाली ठेवलेत. कळमन्याच्या रांगेत कोणी इलेक्ट्रिक पंख्याची गोष्ट काढली की बाहेर काढतो आणि स्टिकरचा तो उचकटलेला कोपरा दाखवतो.